वाळूजचा डाय आणि कक्षेतली जोडणी

जानेवारी २०२५ मध्ये इस्रोने स्पेडेक्स या जोडणीच्या प्रयोगातले दोन उपग्रह, प्रत्येकी सुमारे २२० किलोचे, कक्षेत एकमेकांना जोडले. हे जमलेला भारत चौथा देश. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. लातूरचा आतेभाऊ म्हणाला, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आणलेलं पाणी प्यायलो आपण, आपल्याला हे कशाला? संभाजीनगरचे काका म्हणाले, देशाची मान उंच झाली.

आतेभावाचा राग खराच आहे. पण उपग्रह जोडायचं थांबवलं म्हणून लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरत नाही. काकांचा अभिमानही खरा, फक्त तो टाळ्या वाजवून थांबतो. मी फ्रान्समधल्या तुलूझमध्ये राहतो. इथले शेजारी अवकाशाबद्दल बोलतात ते रोजगाराचा विषय म्हणून.

ही जोडणी लागते कशाला? रॉकेटच्या नाकात मावेल तेवढंच वर नेता येतं. जेम्स वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसा म्हणूनच घडी घालून न्यावा लागला. २०३५ पर्यंत उभं करायचं ठरवलेलं भारताचं अंतराळ स्थानकही एका उड्डाणात जाणार नाही. त्याचे पाच भाग वरच जोडायचे आहेत. पुढची पायरी म्हणजे सुटे भागच वर घडवणं. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकात धातूचा पहिला थ्रीडी प्रिंटर पोचला. स्टेनलेस स्टीलची तार लेझरने वितळवून तो थरावर थर चढवतो. वजनच नसलेल्या जागी वितळलेला धातू पृष्ठताणाने धरून ठेवायचा, ही त्यातली खरी कसोटी.

हा प्रिंटर एअरबसने बनवला, आणि सोबतीला होती अॅडअप नावाची कंपनी. तिची स्थापना करणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक टायर बनवणारी मिशलिन. टायरच्या साच्यांचे बारीक धातूचे तुकडे छापता छापता मिशलिनचा या तंत्रात हात बसला होता. म्हणजे हे कसब आलं ते गाड्यांच्या कारखान्यातून!

आणि साचे, धातूला आकार देणारे डाय, काम करताना भाग पक्का धरणारी जिग-फिक्स्चर हे तर संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींचं रोजचं काम. बजाजचा कारखाना १९८५ पासून तिथे आहे, साचे-डायचं काम शिकवणारी इंडो-जर्मन टूल रूम आहे. तरी आपल्याकडची मागणी अजून "एखादा मोठा प्रकल्प द्या" एवढीच. लोकप्रतिनिधींकडे मागायचंच तर हे मागा: छोट्या वर्कशॉपला परवडेल अशी निर्वात आणि कंपन चाचणीची प्रयोगशाळा, भागांना अवकाशयोग्यतेचं प्रमाणपत्र मिळवून देणारी माणसं, आणि टूल अँड डाय शिकणाऱ्या पोरांच्या हाताखाली धातूचा एक प्रिंटर.