बारा लाखांपर्यंत कर नाही, तरी विवरणपत्र कशाला?

हा सवाल गुरुजींचा. परभणीच्या वसमत रस्त्यावरील आमच्या कट्ट्यावर तो जवळजवळ रोज निघतो. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून, अण्णा कोषागारातून आणि भाई एसटीतून निवृत्त झाले. आवाज तिघांचेही चढे आहेत, मात्र कागदावर हिशेब मांडण्याची सवय एकट्या अण्णांना आहे.

अण्णांनी आधी गुरुजींचा मूळ गैरसमज हाणून पाडला. कर पेन्शनवर नसतो, तो वर्षभराच्या एकूण उत्पन्नावर असतो, आणि त्यात ठेवींचे व्याजही येते. गुरुजींची पेन्शन दरमहा ५२ हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख २४ हजार, आणि व्याज १ लाख ८० हजार. पेन्शन कायद्याने वेतनाच्याच सदरात मोडते, त्यामुळे नव्या करपद्धतीत तिच्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि उत्पन्न उरते ७ लाख २९ हजार. आर्थिक वर्ष २०२५-२६च्या दरांनुसार पहिल्या ४ लाखांवर काही नाही आणि पुढच्या ३ लाख २९ हजारांवर ५ टक्क्यांनी १६ हजार ४५० रुपये होतात. म्हणजे कर आकारला जातो. उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यामुळे रिबेट, म्हणजे करात सूट, मिळून तो शून्यावर येतो, एवढेच. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की हा रिबेट विवरणपत्रातच मागावा लागतो.

भाईंना हे पटेना. जुन्या पद्धतीत विमा, भविष्य निर्वाह निधी, व्याज अशा सगळ्या वजावटी असताना ती सोडायची कशाला, असे त्यांचे म्हणणे. अण्णांनी तेच आकडे जुन्या पद्धतीने मांडले. प्रमाणित वजावट ५० हजार, ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ५० हजार, गुंतवणुकीची पूर्ण दीड लाख आणि आरोग्य विम्याच्या हप्त्याची ३० हजार, एवढे सगळे वजा करूनही ५ लाख २४ हजार उरले. तिथे रिबेटची मर्यादा ५ लाखांची, आणि वरच्या २४ हजारांनी ती ओलांडल्यामुळे उपकरासह १५ हजार ३९२ रुपये भरावे लागले असते. भाईंनी बेरीज दोनदा तपासली, मग आपले प्रकरण वेगळे आहे म्हणाले. ते वेगळे आहेच, कारण त्यांची पेन्शन भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून येते आणि ती करापर्यंत पोहोचण्याइतकी मोठी नाही.

पुढचा वाद विकलेल्या पेन्शनचा, म्हणजे तिचा काही भाग सोडून एकदम रक्कम घेण्याचा. ज्याला कोषागारात अंशराशीकरण म्हणतात, त्यातून गुरुजींना मिळालेली एकरकमी रक्कम शासकीय सेवेमुळे पूर्ण करमुक्त होती. खाजगी नोकरीत उपदान (ग्रॅच्युइटी) मिळाले असेल तर पेन्शनच्या एक तृतीयांश भागाच्या अंशराशीकरणाची रक्कम करमुक्त असते, न मिळाल्यास निम्म्या भागाची. विकलेला भाग मासिक पेन्शनमधून वजा होतो आणि उरलेल्यावरच कर बसतो. महागाई वाढ मात्र मूळ पेन्शनवर मिळते, आणि ती पूर्ण करपात्र असते. गुरुजी इतकी वर्षे विक्रीपूर्वीचा आकडा धरून कुरकुरत होते, हे तेव्हा उघड झाले.

मग भाईंनी त्यांच्या वहिनींचा प्रश्न काढला. त्या स्वतः निवृत्त परिचारिका आहेत आणि पतीचे कुटुंब निवृत्तिवेतनही घेतात. अण्णांच्या मते इथे बहुतेकांची चूक होते. त्यांची स्वतःची पेन्शन वेतनाच्या सदरात धरायची, तर कुटुंब निवृत्तिवेतन इतर उत्पन्नात दाखवायचे. दुसऱ्यावर नव्या पद्धतीत त्याचा एक तृतीयांश भाग किंवा २५ हजार रुपये यांपैकी कमी असेल तेवढी वेगळी वजावट मिळते.

गुरुजी तरीही हटेनात. कर शून्य असल्यावर विवरणपत्र भरून शासनाला काय मिळते, हा त्यांचा मुद्दा तर्काच्या दृष्टीने चुकीचा नाही, असे मला वाटते. पण त्यांच्या सगळ्या ठेवी एकाच बँकेत आहेत, व्याज ज्येष्ठांसाठीच्या १ लाखाच्या मर्यादेपलीकडे गेले आहे आणि कर कापू नका असे बँकेला सांगणारा १५ एच हा अर्ज गुरुजींनी दिलेला नाही, म्हणून बँकेने १० टक्क्यांनी १८ हजार रुपये कापून ठेवले आहेत. शासनाला काय मिळते ते राहू द्या, हे १८ हजार परत हवेत की नकोत, असे अण्णांनी विचारले. गुरुजींनी चहाचे पैसे दिले आणि विवरणपत्राची शेवटची तारीख विचारली.