पेन्शन किती, हा प्रश्न राहिलाच

आईवडील निवृत्त झाले की नातवंडांचा सांभाळ होतो आणि मुलासुनेला नोकरीत मोकळीक मिळते, हे एका लेखातील विधान अर्धेच खरे आहे, कारण निवृत्तीनंतर घरात किती पैसे येतात याचा त्यात विचारच नाही. माझे वडील कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ नुसार किमान पेन्शन २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे आणि त्यांची पेन्शन त्याहून फारशी अधिक नाही. त्यामुळे पुण्यात चांगली संधी असूनही, तिथले घरभाडे आणि इथला औषधपाण्याचा खर्च एका पगारात भागणार नाही म्हणून मी इथल्याच गोकुळ शिरगावातली नोकरी धरून ठेवली. शेजारच्या निवृत्त शिक्षकांना (ते २००५ पूर्वी लागलेले) जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या सुमारे निम्मी निश्चित पेन्शन, आहे. त्या आधारावर त्यांच्या मुलाने मात्र नोकरी सोडून स्वतःचे वर्कशॉप काढले.