काउन्सिल टॅक्सच्या बेलीफवरून आलेल्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की घर भाड्याने देताना आमच्या लेटिंग एजन्सीने काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या पालिकेच्या (काउन्सिलच्या) घरावरच्या कराचं, काही नीट सांगितलं नाही, मग संध्याकाळी साडेआठला बेलीफ, म्हणजे थकबाकी वसूल करणारा माणूस, दारात आला, मुलं घाबरली, तो दार तोडीन, जेलमध्ये जाल, व्हिसा जाईल असं बोलला, बिलावर ३१० पाउंड वरून चढले, आणि एजन्सीला फोन केला तर काउन्सिलशी बोला म्हणून सांगितलं, तुमचं नाव पण काउन्सिलला यांनीच दिलं असणार. मुलांसमोर असं झालं याचं मला खरंच वाईट वाटलं. इथे सगळ्यांसमोर लिहितेय कारण इंग्लंडमध्ये नवीन आलेल्या आपल्या लोकांचे अगदी असेच फोन मला सारखे येतात.

बेलीफ आम्ही पाठवलेला नाही, लेटिंग एजन्सी काउन्सिल टॅक्ससाठी बेलीफ पाठवूच शकत नाही. नाव दिलं हे खरंय, प्रत्येक भाडेकरूचं देतो, राहायला आल्याची तारीख आणि नाव, नाहीतर बिल मालकाच्या नावाने जात राहतं. अग्रीमेंटमध्ये लिहिलंय की काउन्सिल टॅक्स भाडेकरूकडे, जाहिरातीत भाड्यात फक्त पाणी धरलेलं होतं. आणि काउन्सिलशी बोला म्हटलं ते टाळायला नाही, अकाउंट तुमच्या नावावर आहे, तुमच्या परवानगीशिवाय ते आम्हाला एक आकडा सांगत नाहीत.

गोंधळ होतो कुठे ते मला चांगलं माहितीये. आपल्याकडे घरपट्टी मालक भरतो, थकली तर बोजा मिळकतीवर, पुण्यात महापालिका थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवते तो पण मालकाच्या नावाने, भाडेकरूला त्याचं काही नसतं. इथे उलटं, जो राहतो त्याच्यावर कर, आणि घर बदललं तरी थकबाकी त्या माणसाच्या मागे जाते. अपवाद म्हणजे ज्या घरात खोल्या वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या अग्रीमेंटवर दिलेल्या असतात तिथे मालक भरतो, त्यामुळे एक रूम घेऊन राहणारा तुमचा ऑफिसमधला मित्र म्हणतो मला तर कधी बिलच आलं नाही, ते त्याचं खरं असतं, पण पूर्ण फ्लॅट घेतलेल्या कुटुंबाला ते लागू होत नाही.

आता तुमच्या रिव्ह्यूमधली जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, की आधीच्या भाडेकरूच्या नावाने पण बेलीफची पत्रं येत होती म्हणून तसली सगळी पाकिटं न उघडता ड्रॉवरमध्ये टाकत गेलो. हे खूप जणांचं होतं. दुसऱ्याच्या नावाची थकबाकी तुमची नाही, त्यासाठी तुमच्या घरातली वस्तू कुणी उचलू शकत नाही. त्या पाकिटावर इथे राहत नाही लिहून परत पोस्टात टाकायचं आणि पत्रावर ज्या बेलीफ कंपनीचं नाव असेल तिला अग्रीमेंटचं तारीख असलेलं पान पाठवायचं, आम्ही राहायला आल्याच्या तारखेचं पत्र फुकट देतो, कधीही मागा. पण त्याच ढिगात तुमच्या स्वतःच्या नावाची पाकिटं होती, आणि इथे सगळा खेळ त्या पाकिटांचा आहे.

कारण हप्ता चुकला की आधी रिमाइंडर येतो, ७ दिवसांत भरा म्हणून. भरला तर विषय संपला. नाही भरला तर आणखी ७ दिवसांनी हप्त्यांची सोयच जाते आणि उरलेल्या पूर्ण वर्षाचा कर एकदम मागतात. हे मला कधीच पटलेलं नाही, ज्याला एक हप्ता जमला नाही त्याला वर्षभराचे पैसे कुठून जमणार, पण १९९२ च्या नियमांपासून असंच चाललंय. मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, त्याचा खर्च बिलात, तिथून लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे हे पैसे तुम्हीच देणं लागता असा कोर्टाचा हुकूम, आणि त्यानंतर काउन्सिल पगारातून कापू शकते किंवा फाइल बेलीफकडे देऊ शकते, आता त्यांना एन्फोर्समेंट एजंट म्हणतात. फाइल गेली की लगेच ७५ पाउंड. मग नोटीस येते, तिच्यात पूर्ण ७ दिवस मिळतात, रविवार आणि बँक हॉलिडे धरत नाहीत. त्या दिवसांत फोन करून हप्ते ठरवले तर खर्च तिथेच थांबतो. गप्प राहिलं की माणूस घरी येतो आणि आल्याबरोबर २३५. झाले तुमचे ३१०. ही फी २०१४ ला सरकारने ठरवलेली, त्या नियमांत १५०० पाउंडच्या वरच्या रकमेवर साडेसात टक्के अजून आणि सामान विकायची वेळ आली तर ११० वेगळे असे धरले होते. एका भेटीचे २३५ म्हणजे आठवडाभराचं किराणा आणि वर काही, हे अन्यायाचंच आहे असं मी म्हणेन. पण काउन्सिलच्या साइटवर जाऊन मूळ रक्कम भरली की ही फी माफ होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ती होत नाही.

त्या माणसाने जे धमकावलं त्याबद्दल. सकाळी ६ ते रात्री ९ यायची त्यांना मुभा आहे, त्यामुळे साडेआठ नियमात बसतं. दार तोडणं नाही. काउन्सिल टॅक्ससाठी पहिल्यांदा आलेला एजंट जबरदस्तीने आत येऊ शकत नाही, तुम्ही दार उघडायला बांधील नाही, खिडकीतून किंवा दाराआडून बोला, ओळखपत्र मागा, घरात फक्त १६ वर्षांखालची मुलं असतील तर त्याला आत यायचीच परवानगी नाही. पण एकदा आत घेतलं, सामानाची यादी होऊन कंट्रोल्ड गुड्स अग्रीमेंटवर (सामान तुमच्याकडेच राहील, पण हप्ते चुकले तर नेता येईल असा करार) सही केली आणि मग हप्ते मोडले, तर पुढच्या वेळी तो जबरदस्तीने येऊ शकतो, म्हणून चहा पाणी विचारून आत बसवायची आपली सवय इथे नको. शेगडी, फ्रिज, वॉशिंग मशीन, अंथरूण पांघरूण नेता येत नाही, कामाची साधनं एकूण १३५० पाउंडपर्यंत सोडावी लागतात, म्हणजे ज्या लॅपटॉपवर तुमची नोकरी चालते तो त्यात धरायला सांगा. गाडी मात्र बाहेर उभी असेल तर तिला जॅमर लागू शकतो. जेलचा निर्णय फक्त मॅजिस्ट्रेट देतो, तोही ऐपत असून मुद्दाम भरलं नाही किंवा अक्षम्य हलगर्जी केली असं चौकशीत दिसलं तरच, आणि व्हिसा एजंटच्या हातात अजिबात नाही. लायबिलिटी ऑर्डर क्रेडिट फाइलवर, म्हणजे बँका कर्ज देताना बघतात त्या नोंदीत, पण येत नाही. तो खरंच असं बोलला असेल तर त्या कंपनीकडे आणि काउन्सिलकडे लेखी तक्रार करा, बहुतेकांच्या अंगावर कॅमेरा असतो, रेकॉर्डिंग जपून ठेवायला सांगा. काउन्सिलने ऐकलं नाही तर काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणारा लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समन आहे.

आज काय करायचं, तर थकबाकीबद्दल सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अॅडव्हाइस, स्टेपचेंज किंवा नॅशनल डेटलाइन यांच्यापैकी कुणालाही फोन करा, सगळे फुकट आहेत. पात्र असाल तर त्यांच्यातर्फे ब्रीदिंग स्पेस मिळते, मे २०२१ पासून सुरू आहे, ६० दिवस बेलीफला थांबावं लागतं. महिन्याचा जमाखर्च कागदावर मांडून काउन्सिलला पाठवा, फाइल परत घ्या आणि हप्ते लावा अशी विनंती करा, नाही म्हणतील कदाचित, तरी करा. आणि व्हिसावाल्यांनी एक नीट वाचा, मी हे प्रत्येकाला सांगते: ज्यांना व्हिसाच्या अटीने पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी मदत, बंद आहे त्यांनी काउन्सिल टॅक्स रिडक्शन (कमी उत्पन्नवाल्यांना करात मिळणारी सवलत) मागू नये, कारण तो पब्लिक फंड धरला जातो, पण घरात एकच प्रौढ राहत असेल तर मिळणारी २५ टक्के सूट त्यात येत नाही, ती बिनधास्त मागा. घरातले सगळेच फुल टाइम विद्यार्थी असतील तर कर लागतच नाही, फक्त युनिव्हर्सिटीचं पत्र काउन्सिलला द्यावं लागतं, न देता बसलं की याच रांगेत नंबर लागतो.

दादा, ड्रॉवरमधली सगळी पाकिटं घेऊन ऑफिसला या, वहिनींना पण आणा, कुठलं तुमचं कुठलं आधीच्या भाडेकरूचं ते वेगळं करून देते आणि बेलीफ कंपनीला तुमच्या तारखेचं पत्र तिथेच लिहून देते. रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही. घर देताना आमचं चुकलं असं तरीही वाटत असेल तर लेखी तक्रार द्या, लेखीच उत्तर देईन, ८ आठवड्यांत समाधान झालं नाही तर आम्ही ज्या रिड्रेस स्कीमचे, म्हणजे एजन्सींविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेचे, मेंबर आहोत तिच्याकडे जा, तिचं नाव आणि पत्ता ऑफिसच्या भिंतीवर लावलेला आहे. पण बेलीफच्या नोटिशीला उत्तर मात्र त्याची वाट न बघता आजच द्या.