पोकेमॉनला नॉमिनी कोण?

गेमबॉय या हातातल्या जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट दुरुस्त करून घ्यायला निघालेल्या चाळिशीतल्या माणसाला पुण्यात काय मान मिळतो, हे मला परवा तापकीर गल्लीत कळलं. ते अजून डोक्यातून जात नाहीये.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीच्या आत्यानं 2001 साली आणलेली ‘पोकेमॉन गोल्ड’ची सोनेरी कॅसेट माळ्यावर सापडली. गेमबॉय कलरही सापडला. त्यात दोन पेन्सिल सेल घातले आणि गेम सुरू झाला, पण ‘कंटिन्यू’ हा पर्यायच गायब. नव्यानं सुरुवात केली की अंधारातून एक झोपाळू आवाज पहिल्यांदा विचारतो, घड्याळात किती वाजले? वेळ सांगितली. खेळलो, सेव्ह केलं, बंद केलं. पुन्हा चालू केलं तर, किती वाजले?

दोष कॅसेटच्या पोटातल्या सेलचा. गेम ज्या चिपवर आहे ती कायमची. तिला विजेचं काही पडलेलं नाही. पण तुम्ही काय काय केलंत, कोण पकडलं, कोणता बॅज जिंकला, हे सगळं 32 केबीच्या वेगळ्या चिपवर राहतं आणि त्या चिपला चोवीस तास वीज लागते. गेमबॉय कपाटात असताना ती CR2025 नावाचा बटणासारखा सेल पुरवतो. म्हणजे कंपनीनं लिहिलेलं अजरामर, आणि आपण केलेलं तीन व्होल्टवर. त्यात पोकेमॉनच्या गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टल या तीन गेममध्ये खरं घड्याळ आहे. सेकंदाला 32,768 वेळा थरथरणारा एक स्फटिक आत बसलाय आणि तो त्याच सेलचं रक्त पितो. म्हणून 1998 च्या ‘पोकेमॉन रेड’मधलं सेव्ह अजून जिवंत असलेले भाग्यवान लोक भेटतात, आणि आम्ही गोल्डवाले कधीच पोरके झालेलो असतो. पुढे ‘पोकेमॉन रूबी’पासून सेव्ह विजेशिवाय टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत गेलं. तिथे सेल संपला तर गेम स्वतःच सांगतो की घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी आता होणार नाहीत, बाकी खेळा खुशाल. गेममधली बोरं तेवढी उगवायची थांबतात. इतकी माणुसकी आमच्या वेळी नव्हती.

तर दुकान. सहा फूट बाय आठ फूट, त्यात काउंटर, काउंटरमागे मान खाली घालून बसलेला एक तरुण कारागीर, आणि काउंटरपुढच्या एकमेव स्टुलावर काका. पांढरा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर बीपीचं मशीन. कारागिरानं माझी कॅसेट उलटीपालटी करून बघितली आणि तोंड उघडणार इतक्यात काका म्हणाले,

“मुलाचं आहे का?”

“नाही, माझंच.”

काकांनी मला पायापासून केसांपर्यंत पाहिलं. केसांपाशी जास्त वेळ लागला नाही.

“करता काय?”

“आयटीत आहे.”

“मग बरोबर,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातातून, म्हणजे खरं तर कारागिराच्या हातातून, कॅसेट घेतली, तोंडाजवळ नेली आणि जिवाच्या आकांतानं फुंकर मारली. “आमचा नातू अशीच करायचा चालू. बघा आता.”

लाखो भारतीय मुलांनी ही फुंकर मारलेली आहे, मीसुद्धा. तिचा सेव्हशी काडीचाही संबंध नाही. उलट तोंडातली वाफ बसून पिना गंजतात. पिना साफ करायच्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या काडीनं करायच्या. हे मी काकांना सांगितलं. “अल्कोहोल?” म्हणत काकांनी कारागिराकडे पाहिलं. माझ्याबद्दलचं त्यांचं मत तिथेच पक्कं झालं असावं.

“पण बिघडलंय काय?” त्यांनी विचारलं.

“सेव्ह होत नाही.”

“काय सेव्ह होत नाही?”

आता इथे ‘काही नाही काका’ म्हणून विषय संपवता आला असता. पण कारागीर मल्टिमीटर शोधत होता, बाहेर पाऊस होता, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. म्हणून मी उत्तर दिलं. “यात प्राणी पकडायचे असतात. एकूण 251.”

“पकडून काय करता?”

“ठेवतो.”

“कुठे?”

“यातच.”

“खातात काय?”

“सेल.”

काकांनी मान डोलावली. “आणि आता ते गेले.”

“गेले.”

“सगळे?”

“सगळे.”

“मुद्दलच गेलं म्हणा की!” काका खुर्चीत बसावं तसे स्टुलावर मागे रेलायला गेले आणि वेळीच सावरले. “मी 33 वर्षं बँकेत काढली. पासबुक होतं का काही? कुठे लिहून ठेवलं होतंत?”

“तसं नसतं काका.”

“नॉमिनी?”

“काय?”

“नॉमिनी लावला होता का? उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर हे 251 कोणाचे?”

सेल जिवंत असताना कॅसेटमधलं सेव्ह संगणकावर उतरवून घेणारी यंत्रं मिळतात. ते करून ठेवलं की सेल बदलायचा आणि सेव्ह परत आत भरायचं. पण सेल आधीच गेलेला असेल तर यंत्र काय उतरवणार? हे मी शांतपणे समजावलं. शेजारच्या दुकानातला एक पोऱ्याही येऊन ऐकायला लागला होता.

“पैसे असतात का यात?” काकांचा पुढचा प्रश्न.

“असतात. जिंकलेल्या पैशांतले थोडे आई बाजूला ठेवते.”

“तुमची?”

“गेममधली.”

पहिल्यांदाच काकांच्या चेहऱ्यावर आदर दिसला. “वा! व्याज किती देते?”

“व्याज नाही. उलट त्या पैशांतून परस्पर वस्तू घेते आणि मग फोन करून सांगते.”

“हे मात्र अगदी खरं दाखवलंय,” काका म्हणाले, आणि बीपीचं मशीन मांडीवर असूनही त्यांनी बीपी वाढेल इतक्या मोठ्यानं हसून घेतलं. पोऱ्या हसला. कारागीरही हसला. आणि मला, उगीच सांगतो, राग आला.

कारण हे नेहमीचंच आहे. पानशेतच्या पुरातून वाचलेला आजोबांचा ग्रामोफोन घेऊन या, लोक उठून जागा देतात, सुई कुठे मिळेल ते सांगतात, डोळे पुसतात. मी आठवीत असताना संपूर्ण मे महिना, पंख्याखाली पालथा पडून, गेममधल्या जोहतो आणि कांतो अशा दोन्ही मुलखांतले मिळून 16 बॅज मिळवले. एक पोकेमॉन तर मामेभावानं दोन गेमबॉय जोडणाऱ्या लिंक केबलनं दिलेला होता. तो मामेभाऊ आता कॅनडात असतो आणि फोन उचलत नाही. पण ते प्लास्टिकमध्ये होतं म्हणून पोरखेळ! “नवीन घ्या की” म्हणतात. नवीन काय घ्या? भाचा म्हणतो, “मामा, मोबाइलवर एम्युलेटर टाक, जुने गेम त्यात चालतात.” अरे बाबा, त्याच कंपनीच्या 3DS या पुढच्या यंत्रावर हाच गेम 2017 साली रीतसर ऑनलाइन विकायला आला, सेलबिल काही लागत नव्हतं, आणि 2023 च्या मार्चमध्ये ते ऑनलाइन दुकानच बंद केलं. सेल निदान दहाएक वर्षं टिकतो. टॉर्चचा सेल बदलायला झाकण असतं, भिंतीवरच्या घड्याळाला असतं, दहा रुपयांच्या लेझरला असतं. मुलांचा सगळा जीव ज्यात अडकणार त्या वस्तूत मात्र सेल वेल्डिंग करून टाकायचा, आणि वरून असा स्क्रू लावायचा की तो कोणत्याच घरातल्या पेचकसानं उघडणार नाही. ज्याला हे सुचलं त्याला मुलं नसणार.

तो स्क्रू म्हणजे वेगळंच प्रकरण. त्याला 3.8 मिलिमीटरचा खास बिट लागतो. कारागिराकडे नव्हता. “दादा, पेन आहे?” त्यानं विचारलं. मी दिलं. त्यानं रिफिल काढली, लायटरनं पेनचं टोक वितळवलं, स्क्रूवर दाबून धरलं, थंड होऊ दिलं आणि फिरवलं. स्क्रू निघाला! युक्ती जुनीच आहे, पण डोळ्यांनी बघताना मी टाळी वाजवणार होतो. काका म्हणाले, “चांगलं पेन होतं.” त्यांचं त्यांच्या खिशालाच होतं.

आत हिरवी पाटी, चार काळ्या चिपा, आणि मधोमध तो सेल, कडेला पांढरट बुरा आलेला. मल्टिमीटरनं 0.3 व्होल्ट दाखवले. “मेलाय,” कारागीर म्हणाला. काकांनी नकळत पायातली चप्पल काढली, मग परत घातली.

इथून पुढे हसण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, पत्र्या जोडलेला CR2025 लागेल. तो म्हणाला, तसला नाही, साधा आहे. आणि 2032 लावा, जास्त चालतो. जास्त चालतो हे खरं, पण तो 3.2 मिलिमीटर जाड आणि हा अडीच, कॅसेट बंद व्हायला नको का? बरं, साधा 2025 तर साधा. त्यावर थेट सोल्डर मारतो म्हणाला. मी जवळजवळ काउंटरवर चढलो. लिथियमच्या सेलला असा चटका दिला तर तो फुगतो, वेळ आली तर फुटतो. पत्र्या कारखान्यात विजेच्या झटक्यानं जोडतात ते उगाच नाही. “मग चिकटपट्टी,” कारागीर म्हणाला. जुन्या पत्र्यांच्या बेचक्यात नवा सेल सरकवला, वरून काळी टेप दोन वेढे, झाकण लावलं. गेम सुरू केला, सेव्ह केलं, बंद केलं, चालू केलं. ‘कंटिन्यू’ आला. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

“हलवू नका फक्त,” कारागीर म्हणाला.

हातात धरून खेळायची वस्तू आहे ती.

चिठ्ठी आली : सेल 50, मजुरी 150, डेटा रिकव्हरी 200. मी विचारलं, कोणता डेटा? तुझ्यासमोर 0.3 व्होल्ट आले ना? तो म्हणाला, सर, सॉफ्टवेअरचं काम असलं की तो चार्ज लागतोच. मी वाद घालायला तोंड उघडलं, तोवर काकांनी सूत्रं हाती घेतली होती. “हे बघ, ते 400 आणि माझ्या मशीनचे 120. दोघांचं मिळून साडेचारशे कर.” कारागीर कबूल झाला. मग काकांनी हिशेब मांडला. त्यांचे 50, माझे 400. सवलत त्यांनीच मिळवली होती, त्यामुळे ती त्यांना, हे त्यांना इतकं स्वाभाविक वाटत होतं की मी पैसे देऊन मोकळा झालो.

स्कूटरवरून घरी येताना डेक्कनच्या अलीकडे एक खड्डा लागला. बस, तेवढ्यानं सेव्ह गेलं. क्षणभर सेलची पत्री सुटली की 32 केबीला तेवढं पुरतं.

आता पत्र्यावाला सेल आणि 3.8 चा बिट ऑनलाइन मागवलाय. बिट आला. पाकिटावर 3.8 छापलंय, आत 4.5 चा आहे, जो मोठ्या कन्सोलना लागतो. तो परत न्यायला माणूस उद्या सकाळी 8 ते रात्री 9 या वेळेत कधीही येणार आहे आणि मी घरी थांबायचं आहे, मूळ पाकिटासकट. पाकीट बायकोनं सकाळीच ओल्या कचऱ्यात टाकलं.