‘आधी बांधा, मग तपासा’ या सल्ल्याविषयी

रुग्णालयातील कर्मचाऱ्यांवर हल्ला झाल्याची बातमी आली की गोव्यातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यातील म्हणणे थोडक्यात असे: अंगावर येणारा रुग्ण मनोरुग्णच असतो, त्याला आधी बांधावे, मग तपासावे, पोलीस सोबत असले की भीती नाही, आणि कायदा कडक केला की हल्ले थांबतील. पाठवणाऱ्यांना आमची काळजी वाटते, हे परिचारिका म्हणून मी मान्य करते. पण यांतील जवळजवळ प्रत्येक विधान आम्हालाच अधिक धोक्यात टाकणारे आहे.

वॉर्डात माझ्यावर हात उगारणाऱ्यांत मानसिक आजाराचे निदान झालेले रुग्ण थोडेच होते. साखर एकदम उतरलेला मधुमेही, डोक्याला मार लागलेला दुचाकीस्वार, लघवीच्या संसर्गाने भ्रमात गेलेल्या आजी, यांपैकी कोणीही चवताळू शकते. सर्वांत फसवा असतो तो अचानक दारू बंद झालेला रुग्ण. काजूच्या हंगामात बागेत पडून पाय मोडलेले डिचोलीकडचे एक गृहस्थ दोन दिवस अगदी शांत होते. तिसऱ्या रात्री ते चादरीवरच्या मुंग्या झटकू लागले. चादरीवर एकही मुंगी नव्हती. हात थरथरत होते, अंग घामाने भिजले होते, आणि आम्ही जवळ पोहोचेपर्यंत त्यांनी सलाईनची नळी उपसून स्टँडच उचलला होता. रोजची दारू थांबल्यावर साधारण २ ते ४ दिवसांत हा भ्रम उद्भवतो, म्हणून दाखल करतानाच नीट विचारपूस झाली असती तर औषध वेळेवर सुरू करता आले असते. केसपेपरवर दारूपुढे ‘अधूनमधून’ एवढेच लिहिले होते. त्यांच्या पत्नीने नंतर मला बाजूला घेऊन सांगितले, “सिस्टर, सकाळी उठल्या उठल्या लागते त्यांना.”

अशा रुग्णाला नुसते बांधले तर तो पट्ट्यांशी झगडत राहतो, त्याचा ताप आणि नाडी चढत जाते, आणि पालथा दाबून धरल्यास श्वास कोंडून जीवही जाऊ शकतो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहायला मिनिटही लागत नाही. बांधण्याची वेळ कधीच येत नाही, असे मी म्हणणार नाही. पण ती आली की हातापायांशी चौघे आणि डोक्याशी पाचवा असे शिकवलेले लोक लागतात, कारण अर्धवट धरलेला रुग्ण सर्वांत धोकादायक असतो. मनोरुग्णांच्या बाबतीत तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम ९७ स्पष्ट आहे: तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि अत्यावश्यक तेवढाच वेळ बांधता येते, शिक्षा म्हणून नाही, आणि कर्मचारी कमी आहेत एवढ्या कारणावरून तर मुळीच नाही. रात्रपाळीला भरल्या वॉर्डात दोघीच असताना हे शेवटचे वाक्य मला हमखास आठवते.

पोलिसांविषयीच्या विधानाला १० मे २०२३ च्या पहाटेनेच उत्तर दिले आहे. केरळमधील कोट्टारक्करा येथे पोलिसांनीच पायाच्या जखमेवर उपचारासाठी आणलेल्या इसमाने रुग्णालयातील कात्री उचलून २३ वर्षांच्या डॉक्टरचा जीव घेतला. कात्री हाताच्या टप्प्यात होती, हे मला पोलीस हजर असण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. अस्वस्थ रुग्णाजवळ जाताना ट्रे दूर ठेवावा, गळ्यातला स्टेथोस्कोप काढावा, एकटीने जाऊ नये आणि आपल्या व दाराच्या मध्ये रुग्ण येणार नाही असे उभे राहावे. याला पैसा लागत नाही, सराव लागतो.

रुग्णालयातील कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा गोव्यात २०१३ पासून आहेच. संतापून तोडफोड करणाऱ्या नातेवाइकांना त्याचा धाक बसावा, आणि त्यासाठी तो काटेकोरपणे राबवावा, हे योग्यच आहे. मात्र मुंग्या झटकणाऱ्या माणसाला कलमांची भीती घालता येत नाही. त्याच्याबाबतीत उपयोगी पडते ती पाळी बदलतानाची नोंद, आणि तिथे आम्ही नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण सारे लिहितो, पण ‘संध्याकाळपासून बेचैन, एकदा हात उगारला’ हे बहुधा तोंडीच सांगतो किंवा सांगायचे विसरतो. त्या गृहस्थांनी दुपारीच वॉर्डबॉयला ढकलले होते. ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले.