पॉलिश पेपर नको, हातात टूल द्या

लेथवर, म्हणजे लाकूड गरागरा फिरवणाऱ्या यंत्रावर, टूल टेकवून लाकडाला गोल आकार द्यायचा, हे लाकूड कातकाम. त्याच्या वर्गात ऑटिझम असलेली मुलगी आली, एक हात चालत नसलेला मुलगा आला, की त्यांना पॉलिश पेपर देऊन कोपऱ्यात बसवलं जातं. ‘लेथ धोक्याचा, तू घासायचं काम कर.’ हे चूक आहे, आणि सुरक्षितही नाही. टूलने निघालेली ढलपी जड असते, खाली पडते. पेपरने उडणारी पिठासारखी धूळ मात्र थेट छातीत जाते.

सुरुवात लाटण्यापासून करावी. शिवण किंवा हळदूचा ४० मिलिमीटर चौकोनी, २५० मिलिमीटर लांब तुकडा घ्या. गाठ, भेग नको. टोकांवर कर्ण आखले की मध्य सापडतो. वाटी नंतर. लाटणं दोन्ही टोकांना धरलेलं असतं, आणि घरी रोज हाताळलं जातं, हेही कमी नाही.

गाऊज म्हणजे पन्हळीसारखी पटाशी. ती वापरताना बेव्हल, म्हणजे धारेमागची तिरपी बाजू, लाकडावर टेकवायची, मूठ उचलायची आणि वळवायचीही, सगळं एकाच वेळी. हाताला कंप असेल किंवा हालचालींचा मेळ बसत नसेल, तर चौकोनी कार्बाइड पात्याचं टूल द्या. ते सपाट, आडवं धरायचं, धार लाकडाच्या मध्यरेषेवर ठेवायची आणि हळूहळू आत न्यायचं. काम थोडं खरबरीत येतं, येऊ दे. एका हाताने काम करणाऱ्यासाठी कोपरापर्यंत टेकणारी लांब मूठ बसवा. वेग सुरुवातीला मिनिटाला १००० फेरे पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टूल रेस्टची, म्हणजे टूल टेकवायच्या आधाराची, लाकडापासूनची फट. ४० च्या चौकोनाचा कर्ण साधारण ५६. म्हणजे लाकूड गोल होईपर्यंत कोपरे ८ मिलिमीटर आत जातात आणि ४ ची फट १२ होते. टूलचं टोक अधांतरी राहतं, लाकूड त्याला खाली खेचतं आणि जोरात झटका बसतो. अचानक आवाजाचा त्रास होणारं मूल त्यानंतर लेथजवळ फिरकत नाही. म्हणून आकडे पाठ करून घेऊ नका. ५ मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी हातात द्या. लेथ बंद करून पट्टी फटीत घालायची. सैल हलली, तर रेस्ट पुढे घ्यायचा, लाकूड हाताने एक फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते बघायचं, मगच चालू. दृष्टिहीन व्यक्तीलाही हे स्पर्शाने जमतं.

व्हीलचेअरसाठी लेथ साध्या टेबलावर ठेवला की स्पिंडल, म्हणजे लाकूड फिरवणारा दांडा, छातीपर्यंत येतो आणि ढलप्या तोंडावर उडतात. लेथ माणसाच्या बाजूला कलता, बोल्टने घट्ट बसवा; स्पिंडल खाली आणि जवळ येतो. बसल्यावर कोपर जिथे येतं, तिथे तो हवा. खुर्चीचे ब्रेक लावलेले हवेत, आणि लाल स्टॉप बटण चालत्या हाताच्या किंवा गुडघ्याच्या टप्प्यात.

लेथ स्वतः फारसा ओरडत नाही, ओरडतो तो धूळ ओढणारा पंखा. तो शक्यतो भिंतीपलीकडे ठेवा. सूचना एका वेळी एकच, चित्राच्या कार्डावर. प्रात्यक्षिक समोरून दाखवलं तर डावं-उजवं उलटतं. शेजारी उभं राहून दाखवा. ‘थांब’ हा एकच शब्द सगळ्यांचा, आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी दिवा. दोन शिकणाऱ्यांमागे एक शिक्षक. यात काटकसर अजिबात नको.

फेस शील्ड प्रत्येकाला. हातमोजे, ओढणी, लोंबती साखळी कोणालाच नाही. फिट येत असतील तर मोटरचा लेथ टाळा आणि पायाने चालवायचा वापरा. पाय थांबला की लाकूडही लवकरच थांबतं.

रंगाला आम्ही लाख सुचवू. सावंतवाडीच्या खेळण्यांमुळे ती आपल्या ओळखीची आहे. तेलाचा चिकटपणा अनेकांना बोटांवर सहन होत नाही. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने वितळून बसते, बोट कोरडंच राहतं. वर चकाकी आणायला कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे लाकडी खेळण्यांचे कारागीर केवड्याचं पान धरतात. चिंधी लाकडात अडकली तर बोटही ओढून नेते, पान फाटून सुटतं.