काँक्रीटचा कट्टा खरोखरच स्वस्त, झटपट आणि बिनडागाचा असतो का?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नवे घर बांधणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. स्वयंपाकघरात ओतीव, रंगीत काँक्रीटचा कट्टा केला तर ग्रॅनाइटच्या निम्म्या पैशांत काम होते, नेहमीचा गवंडी तो दोन दिवसांत करून देतो, त्याला तडा जात नाही, त्यावर डाग पडत नाही आणि सीलर (पाणी व डाग अडवण्यासाठी वरून लावायचे द्रव्य) एकदा मारला की जन्मभर पाहावे लागत नाही, असे त्यात म्हटले आहे. असा कट्टा नीट जमला तर फार देखणा दिसतो, हे मला मान्य आहे. मजकुरातली हमी मात्र मान्य नाही.

निम्म्या पैशांचा हिशेब बहुधा सिमेंट-वाळूपुरता केलेला असावा, आणि तेवढ्यापुरता तो बरोबरही आहे. दहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि ४० मिलिमीटर जाड कट्ट्याला सिमेंटचे एक पोतेसुद्धा पुरते लागत नाही. पैसा जातो तो सनमायका लावलेल्या प्लायच्या साच्यात, हिऱ्याच्या पॅडने टप्प्याटप्प्याने केलेल्या घासकामात, सीलरमध्ये आणि मजुरीत. शिवाय त्या कट्ट्याचे वजन सुमारे १७८ किलो भरते, तर तेवढ्याच मापाचा २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट साधारण १०० किलोचा असतो. त्यामुळे खालचा आधारही तसाच भक्कम लागतो. इलकलचा ग्रॅनाइट आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून येतो, हेही हिशेबात धरायला हवे.

दोन दिवसांत काँक्रीट ओतून होते, कट्टा होत नाही. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या (राख मिसळलेल्या) मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा द्यावा लागतो. कट्ट्याची ही फरशी बहुतेक वेळा साच्यात उलटी ओततात, म्हणजे साच्याच्या तळाला टेकलेली बाजू पुढे वरची होते. तळाशी राहिलेला प्रत्येक बुडबुडा उलटल्यावर छिद्र म्हणून दिसतो आणि ती छिद्रे त्याच रंगाच्या सिमेंटच्या पातळ लगद्याने भरून पुन्हा घासावी लागतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, धातूच्या ओतकामाच्या फौंड्रीत काम केलेल्या माणसाला साच्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. स्लॅब ओतण्यात वाकबगार असलेल्या गवंड्याला हे येत नाही म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण हे काम मुळात जुन्या मोझॅक कारागिराच्या जातकुळीचे आहे. रंगाचेही तसेच: आयर्न ऑक्साइडचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांवर गेले की ताकद घटते, आणि दोन घाण्यांत (वेगवेगळ्या वेळी कालवलेल्या मिश्रणांत) पाणी कमी-जास्त झाले तर एकाच कट्ट्यावर दोन छटा दिसतात.

तड्यांचा मुद्दा लवकर संपतो. काँक्रीट वाळताना मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर आकसते, आणि सिंकसाठी ठेवलेल्या खाचेचे कोपरे काटकोनी असतील तर तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. कोपरे गोल ठेवले, पाणी बेताने घातले आणि अल्कलीत टिकणारे काचतंतू मिसळले तर धोका बराच कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

सर्वांत घातक विधान डागांचे आहे, कारण आपल्या स्वयंपाकातच त्याला उत्तर आहे. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, हे आपल्या घरांत कोणाला सांगावे लागत नाही. नवे, सीलर नसलेले काँक्रीटही चुन्यासारखेच अल्कलीधर्मी असते, म्हणून त्यावर सांडलेली ओली हळद लाल होते. चिंच, लिंबू, आमसूल यांचा प्रकार आणखी वेगळा आहे. त्यांतले आम्ल सिमेंटमधल्या चुन्याशी अभिक्रिया करते आणि पृष्ठभागच खाते. ती जागा खरखरीत आणि निस्तेज होते, पुसून पूर्ववत होत नाही. (कडप्पाही चुनखडीचा दगड असल्याने त्याच्यावरही असे पांढुरके व्रण पडतात. ग्रॅनाइटवर मात्र चिंचेचे काही चालत नाही.)

सीलरने हे सारे टळते, असे उत्तर यावर दिले जाते. आत मुरणारा सीलर पाणी आणि तेल अडवतो, आम्लाचा व्रण अडवत नाही. वर थर धरणारा इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन दोन्ही अडवतो, पण त्यावर विळीचे ओरखडे उठतात आणि भाकरीचा तापलेला तवा थेट ठेवला तर थर खराब होतो. म्हणजे एक उणीव स्वीकारावीच लागते, आणि दोन्ही प्रकारांत सीलर काही काळाने पुन्हा लावावा लागतो. खानापूरच्या पावसाळ्यात फरशी पुरती वाळण्याआधी वरचा थर दिला तर आत अडकलेली ओल त्याला पांढुरके करते किंवा उचलते, म्हणून हे काम उन्हाळ्यात उरकलेले बरे. मुरणारा सीलर पुन्हा कधी लावायचा, हे तारखेवरून ठरवू नये. कट्ट्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो मोत्यासारखा न राहता जिरून खाली काळपट ठिपका दिसू लागला, की वेळ झाली.